सॅन अँटोनियोचं अंगण: मेक्सिकन-अमेरिकन संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी

सॅन अँटोनियोत राहायला गेल्यावरचा पहिला रविवार. दुपारी शेजारच्या अंगणातून पेटीचे सूर आले. मला वाटलं, इथेही कुणीतरी आपलं माणूस भजनाला बसलंय. कुंपणापाशी जाऊन बघतो, तर कोळशावर मांस भाजणं चाललेलं आणि खुर्चीत बसून एक आजोबा छातीशी लाल अ‍ॅकॉर्डियन धरून पोल्का वाजवतायत. मी विचारलं, "हे मेक्सिकन संगीत का?" आजोबा हसले, म्हणाले, "टेक्सन." मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

तिथे तीन वर्षं नोकरीनिमित्त काढली. आता पुण्यात कुणी विचारतं, "अरे, ते लॅटिन ऐकायचंय, काय लावू?" तेव्हा मी जे सांगतो ते इथे एका ठिकाणी लिहून काढतोय. मी वादक नाही, संगीताचा अभ्यासकही नाही. लहानपणी चार वर्षं पेटी शिकलो आणि सोडली, तेवढीच शिदोरी. त्यामुळे हा लेख ऐकणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी लिहिलेला आहे.

पहिली पायरी: 'लॅटिन' ही पाटी काढून ठेवा

मी पहिली खरेदी केली ती एका दुकानातल्या 'लॅटिन हिट्स' नावाच्या तीन सीडींच्या संचाची. त्यात ब्राझीलचा सांबा होता, क्यूबाचं सोन होतं, स्पेनचं फ्लामेंको होतं आणि शेवटी दोन मारियाची गाणी, म्हणजे व्हायोलिन, कर्णे आणि गिटारांच्या मेक्सिकन संचाची. म्हणजे लावणी, भांगडा आणि त्यागराजांची कीर्तनं एका डब्यात भरून वर 'भारतीय' लिहावं तसं. संच आठवडाभरात कुणाला तरी देऊन टाकला.

सुरुवातीला डोक्यात दोनच मोठे प्रवाह ठेवा. एक कॅरिबियन बेटांवरून, म्हणजे क्यूबा आणि प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेला. यात आफ्रिकन ढोल, मांबो, साल्सा आणि आपण 'लॅटिन जॅझ' म्हणतो ते बहुतेक सगळं येतं. दुसरा मेक्सिको, टेक्सस, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाचा. यात अ‍ॅकॉर्डियन, गिटारच्या चुलतभावंडांसारखी वाद्यं, मारियाची, कोर्रीदो नावाची कथागीतं आणि पितळी वाद्यांचा बांदा. दोघांचं जाणं-येणं सतत चालू असतं, पण पाया वेगळा.

दुसऱ्या प्रवाहाबद्दल 'आला' म्हणणंही तसं अर्धवटच. टेक्सस १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं. मग युद्ध झालं, आणि १८४८ च्या तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख मेक्सिकोच्या हातून गेला. तिथे राहणारी स्पॅनिश बोलणारी माणसं जागची हललीच नव्हती, सीमा हलली. आजोबांच्या त्या 'टेक्सन'चा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

दुसरी पायरी: नावं आपल्या तोंडाने म्हणा

इथे मराठी माणसाला एक फायदा फुकटात मिळतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना स्पॅनिश त आणि द नीट म्हणायला मेहनत पडते. आपल्याकडे ते आधीपासून आहेत. टिटो नाही, तितो पुएन्ते. सँटाना नाही, सांताना. स्वरही पाचच, आणि ते आपल्या आ, ए, इ, ओ, उ सारखे सरळ. देवनागरीत स्पॅनिश नाव रोमनपेक्षा बरं बसतं, असं माझं ठाम मत आहे.

बाकी तीन-चार खुणा लक्षात ठेवल्या की पुरे. रोमन जे दिसला की 'ह' म्हणायचा: कोन्हुंतो, तेहानो (म्हणजे टेक्ससमधला मेक्सिकन वंशाचा), हिमेनेस. एच दिसला की गिळून टाकायचा. दोन एल शेजारी आले की मेक्सिकोत 'य' होतो, म्हणून गायिका सेलेनाचं आडनाव किंतानिया. झेड म्हणजे 'स': सांचेस, लोपेस. शोधताना मात्र उलटं करायला विसरू नका. 'ह' ऐकलात तर शोधपेटीत जे टाका, नाहीतर दुसरंच काहीतरी समोर येईल.

तिसरी पायरी: टाळी

ऐकण्याआधी हात तयार करा. कागदावर १ ते १६ आकडे लिहा. तीनतालाच्या मात्रा आहेत असं समजा, फक्त सम आणि खाली तात्पुरती विसरा. आता जरा जलद मोजत १, ४, ७, ११ आणि १३ वर टाळी द्या. पहिल्या आठात तीन टाळ्या, पुढच्या आठात दोन. ही झाली क्लावे. क्यूबन संगीताचा सगळा डोलारा या पाच ठोक्यांवर उभा असतो. दोन गोल लाकडी दांडक्यांनी ती वाजवतात, आणि कित्येकदा कुणीच वाजवत नाही, सगळ्यांच्या मनात चालू असते. आपल्याकडे ठेका थांबला तरी गायकाला मात्रा कळत असते ना, तसं.

कधीकधी दोन टाळ्यांचा भाग आधी येतो आणि तीनांचा नंतर. तेव्हा टाळ्या ३, ५, ९, १२ आणि १५ वर पडतात. कुठली बाजू चालू आहे हे ओळखायला मला सहा महिने लागले, अजूनही चुकतो. घाई करू नका.

नवखे लोक यानंतर हमखास एक चूक करतात. क्लावे शिकली की ती सगळीकडे शोधत सुटतात. सॅन अँटोनियोच्या अंगणात ती सापडणार नाही. तिथे पोल्का आहे: धूम-चक, धूम-चक, दोन मात्रांचा साधा झोका. धूम खालच्या सुराचा, चक वरच्या तारांचा. कधी वॉल्ट्झ येतो, धूम-चक-चक. आणि कधी उआपांगो. हा मात्र आपल्या कानांना मेजवानी आहे. सहा मात्रा आहेत, दादऱ्यासारख्या. पण एक वाद्य त्या तीन-तीन अशा मोजतं, दुसरं दोन-दोन-दोन, आणि दोघं एकमेकांना ओढत राहतात. तबलजी आड लयीत गेला की अंगावर येतो तो काटा इथे गाणंभर टिकतो.

आणखी एक चाल कुंबिया. ती मूळची कोलंबियाची, पण मेक्सिको आणि टेक्ससने ती इतकी आपलीशी केली की आता लग्नात तिच्याशिवाय पान हलत नाही. ओळखायची खूण म्हणजे ग्विरोचा, खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी घासल्याचा, 'चिक्... चिकि-चिक्' असा आवाज.

चौथी पायरी: पेटीची मावसबहीण

माझ्या मते खरी सुरुवात इथून करावी. सांतानाच्या गिटारपासून नाही, सेलेनापासूनही नाही. अ‍ॅकॉर्डियनपासून. कारण ते वाद्य आपल्याला अर्धं ठाऊक आहे. पेटीतही धातूची पट्टी हवेने थरथरते आणि सूर निघतो, इथेही तेच. दोघीही युरोपातूनच निघाल्या. एक आपल्याकडे आली आणि मांडी घालून बसली. दुसरी जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांबरोबर एकोणिसाव्या शतकात टेक्सस आणि उत्तर मेक्सिकोत पोचली आणि छातीला लटकली. पोल्काही त्यांच्याच सामानातून आला.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे: टेक्ससच्या या अ‍ॅकॉर्डियनला पियानोसारख्या पट्ट्या नसतात, बटणांच्या तीन रांगा असतात. एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. म्हणजे बोट तेच, श्वास बदलला की सूर बदलला. पेटी शिकलेल्या माणसाचं डोकं पहिल्या दिवशी गरगरतं. माझं गरगरलं. आजोबांनी पाच मिनिटं हातात दिली आणि हसत परत घेतली.

आता नार्सिसो मार्तिनेस शोधा. दक्षिण टेक्ससच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात वाढलेला, टोपणनाव 'एल उराकान देल वाये', खोऱ्यातलं वादळ. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्याने तबकड्या काढल्या आणि एक साधी पण मोठी गोष्ट केली. अ‍ॅकॉर्डियनची डावी बाजू, म्हणजे खर्जाची बटणं, जवळजवळ सोडूनच दिली. तो भाग सोपवला सांतियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोकडे. हे बारा तारांचं, सहा जोड्यांचं जाड आवाजाचं गिटार. धूम-चक तिकडे गेलं, आणि मार्तिनेसचा उजवा हात सुटला. झरझर, टोकदार, मोकळा. कोन्हुंतो नावाची शैली या वाटणीतून उभी राहिली. पुढच्या वीसेक वर्षांत त्यात बेस आणि ड्रम आले, गाणारा गळा आला, आणि चार जणांचा संच पक्का झाला.

ऐकताना युक्ती अशी: पहिल्यांदा फक्त बाहो सेक्स्तो ऐका. अ‍ॅकॉर्डियनकडे लक्षच देऊ नका. दुसऱ्यांदा उलटं. तिसऱ्यांदा दोघं. तीन मिनिटांची तबकडी आहे, दहा मिनिटांत होतं. या दहा मिनिटांत जे हाती लागतं ते महिनाभर प्लेलिस्ट चालू ठेवून लागत नाही.

मग वळा हिमेनेस घराण्याकडे. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सांतियागो हिमेनेस थोरले सॅन अँटोनियोचे नावाजलेले वादक. त्यांची दोन मुलं वादक झाली. धाकट्या सांतियागोने वडिलांची जुनी चाल जपली. थोरला लेओनार्दो, म्हणजेच 'फ्लाको', लुकडा, तीच पेटी घेऊन जगभर हिंडला. जन्म १९३९ चा. गिटारवादक राय कूडरच्या १९७६ च्या अल्बमवर तो वाजवतो, रोलिंग स्टोन्सच्या १९९४ च्या अल्बमवरही, आणि दोन्हीकडे दोन सुरांत ओळखू येतो. २०२५ च्या जुलैअखेर तो गेला. त्याचं काय ऐकावं? टेक्सस टॉर्नेडोज या संचाचं 'सोय दे सान लुईस'. गाणं वडिलांचं, वाजवणारा मुलगा, आणि त्याला ग्रॅमी मिळालेलं.

इथे थोडं थांबून लिदिया मेंदोसाकडे जा. तिच्याकडे अ‍ॅकॉर्डियन नाही, बारा तारांचं गिटार आणि गळा एवढंच. ह्यूस्टनला १९१६ मध्ये जन्म, लहानपणापासून कुटुंबाबरोबर रस्त्यांवर आणि बाजारांत गाणं. सॅन अँटोनियोच्या चौकात ती पैशांसाठी गायची. १९३४ मध्ये तिने 'माल ओम्ब्रे', म्हणजे 'वाईट माणूस', ध्वनिमुद्रित केलं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना घराघरात पोचली. त्या गाण्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनावर छापलेले सापडले होते. मुद्रण साधं, खरखर भरपूर, पण आवाजात कुठेही रडगाणं नाही. फसवणाऱ्या पुरुषाला ती शांतपणे, एकेक शब्द दाबून सुनावते. मला ती पहिल्यांदा ऐकताना जात्यावरच्या ओव्या आठवल्या. भाषा कळत नव्हती, सूर कळत होता. १९७७ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हाच्या सोहळ्यात ती गायली, आणि १९९९ मध्ये तिला राष्ट्रीय कलापदक मिळालं.

पाचवी पायरी: एकच गाणं दोनदा

कान तयार करायचा हा माझा आवडता खेळ. दोनच जोड्या देतो.

पहिली, 'ला बाम्बा'. हे मेक्सिकोच्या व्हेराक्रूस किनाऱ्यावरचं जुनं लोकगीत. तिथल्या सोन हारोचो शैलीत ते छोट्या हाराना गिटारवर आणि हार्पवर चालतं. नाचणारे लाकडी फळ्यांच्या ओट्यावर टाचांनी ठेका धरतात. लग्नात नवरा-नवरी नाचता नाचता जमिनीवरच्या फितीची गाठ पायांनी बांधतात. आधी असं एखादं हारोचो मुद्रण ऐका. मग रिची व्हॅलेन्सचं १९५८ चं. लॉस एंजेलिसच्या पाकोइमा वस्तीतला हा मुलगा, खरं आडनाव व्हालेन्सुएला, वय सतरा. घरात इंग्रजी, स्पॅनिश जेमतेम. तबकडीच्या एका बाजूला त्याचं 'डोना', दुसऱ्या बाजूला हे. विजेच्या गिटारवर, रॉक अँड रोलच्या चालीत. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान अपघातात तो गेला. सगळी कारकीर्द वर्षभराचीही नाही.

आणि तिसरं, लोस लोबोस यांचं १९८७ चं. पूर्व लॉस एंजेलिसची ही शाळासोबती मुलं १९७३ पासून एकत्र. रॉक वाजवायचं सोडून त्यांनी काही वर्षं आजीआजोबांची वाद्यं हातात घेतली, लग्नांत आणि खाणावळींत वाजवली. व्हॅलेन्सवरच्या चित्रपटासाठी त्यांनी 'ला बाम्बा' केलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शेवटपर्यंत ऐका. रॉक थांबतो आणि गाणं लाकडी तारवाद्यांवर येऊन संपतं. व्हेराक्रूसला परत. आणि एवढ्या यशानंतर त्यांनी पुढच्याच वर्षी काय काढलं, तर 'ला पिस्तोला इ एल कोरासोन', संपूर्ण पारंपरिक मेक्सिकन अल्बम. मला या संचाबद्दल आदर आहे तो यामुळे.

दुसरी जोडी 'ओये कोमो व्हा'. तितो पुएन्ते, न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन घरातला, १९६२. बासरी, पितळी वाद्यं, चा-चा-चाची चाल. मग सांताना, १९७० चा 'अब्राक्सास'. पितळी वाद्यांची जागा ऑर्गनने घेतली, बासरीची गिटारने, पण तालवाद्यं आपल्या जागी. सांताना स्वतः मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातला, वडील मारियाचीत व्हायोलिन वाजवायचे. म्हणजे मेक्सिकन मुलगा, क्यूबन चाल, न्यूयॉर्कचं गाणं, सॅन फ्रान्सिस्कोचा आवाज. पहिल्या पायरीवर मी दोन प्रवाह सांगितले ते इथे येऊन मिळतात. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर हा संच चढला तेव्हा त्यांचा पहिला अल्बम बाजारात यायचा होता.

सहावी पायरी: कोर्रीदो, म्हणजे त्यांचा पोवाडा

कोर्रीदो समजायला मराठी माणसाला वेळ लागत नाही. तारीख, गाव, नाव, काय घडलं, कोण शूर, कोण दगाबाज, शेवटी निरोप. चाल साधी, कडव्यामागून कडवं, कारण महत्त्व कथेला.

सुरुवात ग्रेगोरियो कोर्तेसच्या कोर्रीदोने करा. ही खरी घटना आहे. जून १९०१, टेक्ससची कार्न्स काउंटी. घोडाचोरीच्या चौकशीला शेरीफ आला. दुभाष्याने विचारलं, घोडा दिलास का बदलून? स्पॅनिशमध्ये घोड्याला वेगळा शब्द, घोडीला वेगळा. कोर्तेसने दिली होती घोडी, म्हणून तो 'नाही' म्हणाला. ते खोटं ठरलं. गोळ्या सुटल्या, कोर्तेसचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मेला. कोर्तेस दहा दिवस शेकडो माणसांना चकवत सीमेच्या दिशेने पळत राहिला. लारेदोजवळ पकडला गेला. १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली. तो पळत असतानाच्या काळापासून लोक हे गात आलेत. आमेरिको पारेदेस या अभ्यासकाने १९५८ मध्ये याच कोर्रीदोवर आख्खं पुस्तक लिहिलं. एका दुभाष्याच्या चुकीवर उभं राहिलेलं गाणं! भाषेवर प्रेम असलेल्याने एवढ्यासाठी तरी ऐकावं.

आजचे कोर्रीदो गाणारे सर्वांत मोठे म्हणजे लोस तिग्रेस देल नोर्ते. मूळ सिनालोआचे, कॅलिफोर्नियाच्या सॅन होसेत स्थिरावलेले. कागदपत्रांविना राहणारे मजूर, सीमा, तस्करी, घरची ओढ, सगळं त्यांच्या गाण्यात येतं. तस्करांचे पोवाडे गावेत का, हा वाद तिकडे जोरात आहे. माझं म्हणणं, आधी शब्दांचं भाषांतर वाचा आणि मग मत बनवा. काही गाणी निव्वळ बढाई असतात, काही अस्सल शोकांतिका.

सातवी पायरी: जॅझ

आता क्लावेकडे परत. क्यूबाचा मारियो बाउसा १९४३ मध्ये माचितोच्या न्यूयॉर्कमधल्या वाद्यवृंदासाठी 'तांगा' घेऊन आला. १९४७ च्या डिसेंबरअखेर जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीने क्यूबन कोंगावादक (कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल) चानो पोसोबरोबर 'मांतेका' मुद्रित केलं. पोसोला इंग्रजी जेमतेम, गिलेस्पीला स्पॅनिश जेमतेम. वर्षभरात हार्लेममधल्या एका बारमध्ये पोसोचा खून झाला. पण दार उघडलेलं राहिलं.

मेक्सिकन-अमेरिकन माणूस यात कुठे येतो? इथे धागा पकडा. गिलेस्पी आणि पोसोची एक रचना कॅलिफोर्नियाच्या कॅल जेडर या व्हायब्राफोनवादकाने (धातूच्या पट्ट्यांवर ठोकून वाजवायचं हे वाद्य) १९६० च्या दशकात 'सोल सॉस' नावाने नव्याने वाजवली. आणि लॉस एंजेलिसजवळच्या नॉरवॉकमध्ये एक मुलगा हे सगळं ऐकत वाढत होता. अकरा भावंडांत सर्वांत धाकटा, थोरल्यांच्या तबकड्या ऐकून स्वतःच कोंगा शिकलेला. पोंचो सांचेस. १९७५ मध्ये जेडरने त्याला संचात घेतलं, आणि १९८२ मध्ये मनिलात जेडर गेला तोपर्यंत तो तिथेच होता. मग स्वतःचा संच, आणि 'लॅटिन सोल' अल्बमला ग्रॅमी. लारेदोत जन्मलेला मेक्सिकन-अमेरिकन मुलगा, ज्याला क्यूबाचा ढोल वारशात मिळाला नव्हता. त्याने तो कानाने कमावला.

मुंबईचा एक धागाही इथे आहे. झाकीर हुसेन यांनी प्वेर्तो रिकोच्या जोवानी इदाल्गोबरोबर अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टच्या 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट'मध्ये वाजवलं, आणि त्याला २००९ मध्ये ग्रॅमी मिळालं. तबला आणि कोंगा शेजारी ऐकायचे असतील तर हा अल्बम लावा. आणि बोंगो आपल्या कानांना नवा नाहीच: पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी तो १९५१ मध्येच 'अलबेला'त वापरून ठेवलाय.

आठवी पायरी: गळे

लिंडा रॉन्स्टॅड आधी. टूसॉनची, आजोबा मेक्सिकोच्या सोनोरात जन्मलेले, इंग्रजी रॉकमधली मोठी तारका. १९८७ मध्ये तिने 'कांसियोनेस दे मि पाद्रे', 'माझ्या वडिलांची गाणी', काढला. सगळा स्पॅनिश, साथीला मेक्सिकोतले नामांकित मारियाची. अमेरिकेत या अल्बमच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. यातलं 'रोगासियानो एल उआपांगेरो' ऐका आणि तिसऱ्या पायरीवरच्या सहा मात्रा मोजा. गळा मध्येच तुटून वरच्या सप्तकात जातो, ती चूक नाही, तीच शैली आहे.

फ्रेडी फेंडर, खरं नाव बाल्देमार वेर्ता. १९७५ मध्ये त्याचं 'बिफोर द नेक्स्ट टियरड्रॉप फॉल्स' पॉप आणि कंट्री दोन्ही याद्यांत पहिलं आलं. गाणं इंग्रजी, मधलं कडवं स्पॅनिश. एवढ्या एका कडव्यासाठी ऐका.

आणि सेलेना. टेक्ससच्या कोर्पस क्रिस्तीची, भाऊ बेसवर आणि गीतलेखनात, बहीण ड्रमवर. तिची वाढ इंग्रजीत झाली. स्पॅनिश गाणी आधी उच्चार पाठ करून म्हटली, भाषा नंतर आली. अ‍ॅकॉर्डियनची जागा तिच्या संचात सिंथेसायझरने घेतली, चाल मात्र कुंबियाची. 'कोमो ला फ्लोर' लावा आणि ग्विरोचं 'चिक्' शोधा. सापडलं की पुढे आवाजाकडे लक्ष द्या: वरून गोड, आणि ओळीच्या शेवटी किंचित खरखर. ३१ मार्च १९९५ ला तिची हत्या झाली, चोविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. त्याच उन्हाळ्यात आलेला 'ड्रीमिंग ऑफ यू' बिलबोर्डच्या अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. सॅन अँटोनियोत आजही किराणा दुकानात तिचं गाणं लागलं की रांगेतली माणसं गुणगुणतात. मी स्वतः पाहिलंय.

नव्यांत फार शिरत नाही, कारण ते तुमची मुलं तुम्हाला सांगतील. २०२३ मध्ये एस्लाबोन आर्मादो आणि पेसो प्लुमा यांचं 'एया बाइला सोला' बिलबोर्डच्या पहिल्या दहांत गेलं. 'रीजनल मेक्सिकन' म्हणतात त्या पठडीतलं ते तिथे पोचलेलं पहिलं गाणं. गिटारांची टोचणी, खाली बेस, मध्ये ट्रॉम्बोन. कान देऊन ऐकलंत तर धूम-चकची नात भेटते.

नववी पायरी: कुठे शोधायचं, आणि प्रत्यक्ष गेलात तर

जुन्या तबकड्यांसाठी 'आर्हूली' हे लेबल लक्षात ठेवा. ख्रिस स्ट्राखविट्स या जर्मनीहून आलेल्या माणसाने ते १९६० मध्ये कॅलिफोर्नियात काढलं आणि सीमेवरच्या संगीताच्या तबकड्या आयुष्यभर वेड्यासारख्या गोळा केल्या. आता ते लेबल स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. त्याच्या तबकड्यांचा 'फ्रोंतेरा' संग्रह लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने संगणकावर आणलाय. बाहेरच्यांना त्यात गाण्यांचे तुकडेच ऐकू येतात, पण नावं, सालं आणि वादक शोधायला त्याच्यासारखं काही नाही. पैसे कुणी दिले माहितीय? त्या कामाला मोठी देणगी दिली ती लोस तिग्रेस देल नोर्तेच्या प्रतिष्ठानाने. आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर 'चुलास फ्रोंतेरास' हा १९७६ चा माहितीपट बघा. फ्लाको त्यात तरुण आहे, लिदिया मेंदोसा त्यात स्वयंपाक करते.

नातेवाईक टेक्ससमध्ये असतील आणि मे महिन्यात जाणं झालं, तर सॅन अँटोनियोत दरवर्षी तेहानो कोन्हुंतो महोत्सव असतो, १९८२ पासून. खुर्चीत बसून ऐकणारे कमी, नाचणारे जास्त. जोड्या मैदानात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हातारी जोडपी सर्वांत सुरेख नाचतात. फोटो काढायला मध्ये उभं राहू नका, कडेला राहा. कुणी गाण्यात मध्येच 'आ-हू-आ' असं लांबलचक ओरडलं तर दचकू नका, ती दाद आहे. आपल्या 'क्या बात है'सारखी, फक्त फुप्फुसं जास्त लागतात.

लॉस एंजेलिसला गेलात तर बॉइल हाइट्स भागात मारियाची चौक आहे. वादक तिथे कामाची वाट बघत थांबतात. गाण्यागणिक पैसे द्यायचे असतात, म्हणून आकडा आधी ठरवा, नंतर घासाघीस करू नका. गितार्रोन वाजवणाऱ्याच्या बाजूला उभे राहा. ते पोटाएवढं मोठं गिटार आहे, तारा दोन-दोन एकदम ओढून वाजवतात, आणि तो खर्ज कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. उआपांगो मागा, खूश होतील. 'ला बाम्बा' मागू नका. त्या दिवशी ते त्यांनी आधीच चारदा वाजवलेलं असतं.